माणूस घडवणारे विधी, राजा घडवणारे विधी: शेजारी आफ्रिकी समाजांचा तौलनिक अभ्यास कसा करावा

नागपुरात मानवशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला आफ्रिकेवर निबंध लिहायचा झाला, की तो बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणे करतो: एकात वयात येणाऱ्या मुलामुलींचे दीक्षाविधी आणि दुसऱ्यात पवित्र मानले जाणारे राजपद. पाठ्यपुस्तकांची मांडणीच तशी असल्यामुळे त्याला दोष देता येत नाही, पण या मांडणीत विषयाचा गाभा निसटतो. मुलाला पुरुष करणारा विधी आणि पुरुषाला राजा करणारा विधी पुष्कळदा एकाच साहित्यातून उभे राहतात. शेजारच्या समाजात त्यांतला एक असतो आणि दुसरा नसतो, किंवा एकाची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. हे कसे तपासावे, यासाठी हे टिपण आहे.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, पण त्याआधी २९ मे रोजी रायगडावर त्यांची मुंज लागली. एरवी लहानपणी व्हायचा हा संस्कार वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी करावा लागला, कारण त्यावाचून अभिषेक शास्त्रोक्त ठरणार नव्हता. राजा होण्याआधी माणसाला कसल्या तरी दीक्षेतून जावे लागते, एवढे सूत्र आपल्या इतिहासातून घेऊन पुढे जावे. त्याहून अधिक काही तिथून नेऊ नये. आफ्रिकेतील राजांना अभिषेकाच्या चौकटीत बसवणारे निबंध मी वाचले आहेत आणि ते फसलेले आहेत.

आधी नकाशा, मग ग्रंथ

पहिली पायरी समाज निवडण्याची. ‘आफ्रिकेतील दीक्षाविधी’ असा विषय कधीही घेऊ नये. पश्चिम किनाऱ्यावरचा एक, सहाराच्या कडेचा एक आणि केनियातला एक अशी उदाहरणे शेजारी ठेवली, तर दिसणारा फरक भाषेमुळे आहे, हवामानामुळे आहे, की इतिहासामुळे, हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही. उलट, ज्यांची गुरे एकाच नदीकाठी चरतात, ज्यांच्या भाषा एका कुळातल्या आहेत आणि ज्यांच्यात लग्ने व लढाया दोन्ही होत आल्या आहेत, अशा शेजाऱ्यांमध्ये फरक दिसला तर तो काहीतरी सांगतो.

असे तीन गट अभ्यासासाठी सोयीचे आहेत. पहिला दक्षिण सुदानमधील श्वेत नाईलच्या परिसरातला: शिल्लुक, नुएर आणि डिंका. दुसरा झांबियातला: वायव्येकडचे न्देम्बू आणि लुवाले, व ईशान्येकडचे बेम्बा. तिसरा आग्नेय किनाऱ्यालगतचा: स्वाझी, झुलू आणि खोसा. यांतला एकच गट घ्यावा. तिन्ही गट घेण्याचा मोह होतो, पण चाळीस पानांच्या प्रबंधात ते पेलत नाही.

गट ठरला की जुने आणि नवे राजकीय नकाशे शेजारी ठेवून नावे जुळवून घ्यावीत. उत्तर ऱ्होडेशिया १९६४ मध्ये झांबिया झाला, दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी वेगळा देश झाला आणि स्वाझीलँडचे नाव २०१८ पासून एस्वातिनी आहे; ग्रंथालयाच्या सूचीत जुनी पुस्तके जुन्याच नावाखाली सापडतात. फाशोडाचे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. १८९८ मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश सैन्ये जिथे समोरासमोर आली ते नदीकाठचे ठाणे आज कोडोक म्हणून ओळखले जाते, आणि शिल्लुक राजांचे फाशोडा हे त्याच परिसरातले वेगळे गाव आहे. ही दोन ठिकाणे एकच समजून लिहिलेले उतारे चांगल्या चांगल्या लेखनातही आढळतात.

वाचताना काय टिपायचे

आर्नोल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींचे तीन टप्पे मांडले: आधीच्या अवस्थेतून वेगळे होणे, मधला अधांतरी काळ आणि नव्या अवस्थेत पुन्हा समाजात येणे. हा साचा हाताळायची सवय हवी असेल तर घरच्या मुंजीवर तो लावून पाहावा. मातृभोजनात आईच्या ताटात शेवटचे जेवण, नंतर क्षौर, नंतर भिक्षावळ, असे टप्पे सहज मोजता येतात. मात्र साचा बसला म्हणजे विश्लेषण झाले असे समजू नये. तीन टप्पे जवळपास कुठेही सापडतात. प्रश्न असतो तो मधल्या टप्प्यात काय घडते याचा.

म्हणून प्रत्येक वर्णन वाचताना काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे टिपून ठेवावीत. शरीरावर खूण कोण करतो आणि त्याचे त्या व्यक्तीशी नाते काय? एकांतवासाची जागा गावापासून कुठे, आणि ती नंतर पाडतात, जाळतात की राखून ठेवतात? दीक्षितावर कोण ओरडतो, कोण त्याला शिव्या देतो, आणि त्याने उत्तर द्यायचे असते की नाही? विधीनंतर कोणते काम त्याने कायमचे सोडायचे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सारे लेखकाने स्वतः पाहिले, ऐकले, की दुसऱ्याच्या टिपणांतून घेतले? हा शेवटचा प्रश्न वहीच्या वेगळ्या रकान्यात लिहावा, कारण या विषयातले निम्मे वाद त्या रकान्यातच सुटतात.

न्देम्बू: राजाला शिव्या खाव्या लागतात तेव्हा

सुरुवात न्देम्बूंपासून करणे मला सर्वांत फलदायी वाटते, कारण त्यांच्याकडे दोन्ही विधी आहेत आणि दोन्हींचे तपशीलवार वर्णन एकाच अभ्यासकाने, व्हिक्टर टर्नर यांनी, १९५० ते १९५४ या काळातील क्षेत्रकार्यावरून केलेले आहे.

मुलांच्या सुंतेचा विधी, मुकांडा, गावाबाहेर रानात होतो. मुलांना आयांपासून तोडून नेले जाते आणि जखम भरेपर्यंत ती रानातल्या छावणीत राहतात, दटावणी सोसतात, शिकवण घेतात आणि मग पुरुष म्हणून परततात. लुवाले, चोक्वे आणि लुचाझी या शेजाऱ्यांमध्येही मुकांडा आहे, आणि तिथे पूर्वजांचे रूप म्हणून येणाऱ्या मकिशी या मुखवटाधारी आकृतींचे प्रस्थ मोठे आहे. युनेस्कोने २००५ मध्ये त्या परंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद घेतली.

आता याशेजारी कानोंगेशा या न्देम्बूंच्या ज्येष्ठ प्रमुखाच्या पदग्रहणाचे वर्णन ठेवावे. राजधानीच्या गावापासून सुमारे मैलभर अंतरावर पानांची एक झोपडी उभारतात. सूर्यास्तानंतर नियोजित प्रमुख आणि त्याच्यासोबत विधीपुरती पत्नी असलेली स्त्री फाटके कमरवस्त्र गुंडाळून त्या झोपडीत शिरतात आणि लाज वाटणाऱ्या माणसासारखे अंग चोरून बसतात. त्यांना औषधी पाण्याने न्हाऊ घालतात, आणि ते पाणी पूर्वीच्या प्रमुखांच्या वस्तीजवळच्या नदीतून आणलेले असते. मग काफवाना हा अधिकारी प्रमुखाच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूस चीर देतो, तीत औषध भरतो, दोघांना चटईवर बसवतो आणि बोलू लागतो. तू आपमतलबी आहेस, तापट आहेस, तू कोणावर प्रेम करत नाहीस, सगळ्यांवर चिडतोस, अशा आशयाचे ते बोलणे असते. यापुढे हे सोडून लोकांना ये, जेव, आपण एकत्र राहू असे म्हणायचे, असा त्याचा शेवट. त्यानंतर ज्याला ज्याला या माणसाने पूर्वी दुखावले असेल त्याने पुढे येऊन मनातले सगळे बोलून घ्यावे. नियोजित प्रमुखाने मान खाली घालून, गप्प राहून ते ऐकायचे. रात्रभर त्याला झोपू देत नाहीत, सरपण आणण्यासारखी हलकी कामे सांगतात, आणि त्या रात्री कोण काय बोलले याचा डूख पुढे कधीही धरायचा नाही असा दंडक आहे. दुसऱ्या दिवशी थाटामाटात पदग्रहण होते.

हे वाचताना दोन गोष्टी हेरायला हव्यात. पहिली म्हणजे, छावणीतल्या मुलाशी आणि झोपडीतल्या प्रमुखाशी होणारी वागणूक सारखीच आहे: धड वस्त्र नाही, दर्जा नाही, उत्तर देण्याची मुभा नाही, अंगावर घाव आहे. न्देम्बू स्वतःच म्हणतात की त्या झोपडीत साधा माणूस मरतो. दुसरी गोष्ट सहज नजरेआड होते. काफवाना हा म्ब्वेलांचा, म्हणजे लुंडा वंशाचे प्रमुख येण्याआधी त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांचा मुख्य. जिंकणाऱ्यांच्या राजाला राजेपण मिळते ते जिंकल्या गेलेल्यांच्या हातून, आणि तेही त्यांच्या तोंडून खरी-खोटी ऐकल्यावर. नागपूरच्या वाचकाला इथे काहीतरी आठवेल: बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये वसवलेले हे शहर भोसल्यांकडे गेल्यावरही गोंड राजाची पदवी आणि मान राखला गेला होता. तुलना मोहक आहे. ती निबंधात घ्यायची असेल तर एका वाक्यात घ्यावी आणि लगेच सांगावे की इथे राजकीय तडजोड दिसते, तिथे जमीन आणि पाऊस यांवरचा विधीगत अधिकार आहे.

नाईलकाठ: एक राजा, दोन बिनराजाचे शेजारी

याच्या उलट स्थिती वरच्या नाईलवर दिसते. नुएरांना राजा नाही. ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३० पासून त्यांच्यात जे क्षेत्रकार्य केले त्यात मुलाला पुरुष करणाऱ्या गार या विधीचे वर्णन आहे: त्या काळी साधारण चौदा ते सोळा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लहान चाकूने सहा समांतर चिरा. त्यानंतर तो गाईचे दूध काढत नाही, कारण ते काम बायकांचे, मुलींचे आणि दीक्षा न झालेल्या मुलांचे. वडील त्याला एक बैल देतात आणि त्या बैलावरून त्याला नाव मिळते. एकाच काळात चिरा पडलेल्यांचा वयोगट बनतो, पण या वयोगटाकडे शासनाचे किंवा सैन्याचे काम नाही, हे आवर्जून नोंदवावे. खुनाचे वैर मिटवणारा, खांद्यावर बिबट्याचे कातडे घेणारा माणूस आहे, पण त्याच्या शब्दामागे सक्ती नाही.

शेजारच्या शिल्लुकांच्या कपाळावर ठिपक्यांची उठावदार रांग असते, आणि त्यांच्या विधींचा सारा भार मात्र रेथ, म्हणजे राजा, याच्यावर आहे. शिल्लुकांचा आद्य पुरुष न्यिकांग प्रत्येक रेथच्या अंगात वसतो अशी श्रद्धा आहे. राजा निवडला की उत्तरेकडील अकुर्वा येथून न्यिकांगची प्रतिमा त्याच्या सैन्यासह निघते, दक्षिणेकडच्या अर्ध्या देशाचे लोक नियोजित रेथच्या बाजूला उभे राहतात आणि फाशोडाजवळ एका ओढ्यापाशी ज्वारीच्या धाटांनी लुटुपुटूची लढाई होते. न्यिकांग जिंकतो, राजा पकडला जातो. पुढे राजासनावर आधी प्रतिमा ठेवतात, मग ती उचलून राजाला बसवतात, आणि तेव्हा त्याला कापरे भरते, कारण न्यिकांग त्याच्यात शिरला. न्देम्बूंच्या झोपडीत प्रमुखाला प्रजेपुढे नमावे लागते. इथे तो पूर्वजाकडून हरतो. दोन्हीकडे राजपद मिळवण्याची वाट पराभवातून जाते.

शिल्लुकांविषयी लिहिताना राजवधाचा प्रश्न टाळता येत नाही, आणि इथेच वहीतला तो वेगळा रकाना कामाला येतो. सी. जी. सेलिगमन यांनी १९११ च्या सुमारास लिहिले की राजाची शक्ती ओसरली की त्याला मारले जाई, कारण त्याच्या क्षीणतेबरोबर गुरे आणि पिके क्षीण होतील अशी भीती असे. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत हा पुरावा पवित्र राजाच्या वधाविषयीच्या आपल्या जुन्या सिद्धांताचा कळस म्हणून वापरला. १९४८ मध्ये फ्रेझर यांच्याच नावाच्या व्याख्यानात इव्हान्स-प्रिचर्ड यांनी तो पुरावा पटण्याजोगा नाही असे मत दिले. राजे मारले गेले असतील तर ते बंडांत आणि वारसांच्या चढाओढीत, आणि वधाची कथा म्हणजे पद अमर पण माणूस मर्त्य या पेचाची सांकेतिक मांडणी, असा त्यांचा युक्तिवाद होता. गंमत अशी की त्यांनी स्वतः शिल्लुकांमध्ये सखोल क्षेत्रकार्य केले नव्हते. दोन्ही पक्ष बऱ्याच अंशी इतरांच्या नोंदींवर उभे होते. विद्यार्थ्याने यांपैकी एकाला विजयी घोषित करण्याची घाई करू नये. लोक काय सांगत होते, कोणी काय पाहिले, आणि अभ्यासकाने त्यावर काय रचले, असे तीन परिच्छेद सरळ लिहावेत. परीक्षक त्याचे गुण देतो आणि ते प्रामाणिकही असते.

या वादाला खरा प्रकाश मिळतो तो तिसऱ्या शेजाऱ्याकडून. डिंकांमध्ये राजा नाही, पण मासेमारीच्या भाल्याचे वंशपरंपरागत धर्माधिकारी आहेत. गॉडफ्री लिनहार्ट यांनी १९४७ ते १९५० या काळात त्यांच्यात राहून नोंदवले की असा अधिकारी म्हातारा होऊन मरणाच्या जवळ आला की तो स्वतःच लोकांना बोलावून सांगे, आणि त्याला जिवंत पुरत; त्याचा प्राण शरीरातून निसटण्याऐवजी लोकांसाठी राखला जावा म्हणून. तिथे शोक करत नसत. म्हणजे लोकांचे जीवन ज्याच्या ठायी आहे त्याने साध्या माणसासारखे मरू नये, ही कल्पना सिंहासनावाचूनही त्या प्रदेशात नांदत होती. केवळ शिल्लुकांचे वाचून हे कधीच कळले नसते.

आग्नेय किनारा: सुंता गेली, पलटण आली

झुलूंमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस, शाका या राजाच्या उदयाच्या आसपास, मुलांची सुंता मागे पडली आणि समवयस्क तरुणांची राजाच्या पलटणीत भरती होऊ लागली. पलटणीला राजाची परवानगी मिळेपर्यंत तिच्यातल्यांना लग्न करता येत नसे. पुरुष होण्याचा क्षण गावच्या वडीलधाऱ्यांच्या हातून राजाच्या हाती गेला. स्वाझींमध्येही त्याच शतकात सुंता थांबली. झुलूंमध्ये सुंता परत आली तीही राजाच्या शब्दावरून: २००९ मध्ये झुलू राजा गुडविल झ्वेलिथिनी यांनी एचआयव्हीच्या प्रसाराला आळा घालण्यासाठी वैद्यकीय सुंतेचा पुरस्कार केला.

इतके वाचून ‘जिथे राजा बलवान तिथे दीक्षाविधी क्षीण’ असा नियम मांडावासा वाटतो. मांडू नये. खोसांमध्ये राजघराणी आहेत आणि सुंतेचा उल्वालुको हा विधी आजही चालतो; थेंबू या खोसाभाषक समाजाच्या राजघराण्याशी संबंधित नेल्सन मंडेला १९३४ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यातून गेले आणि विधीच्या क्षणी ‘मी पुरुष आहे’ अशी आरोळी द्यायची असते हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. नियम तिथे मोडतो. न्देम्बूंपाशी तो आधीच मोडला होता.

स्वाझींचा इन्क्वाला मात्र सावकाश वाचावा. डिसेंबर-जानेवारीत, दक्षिण गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात, नव्या पिकाच्या वेळी होणारा हा राजाचा वार्षिक विधी आहे. अविवाहित तरुण पौर्णिमेच्या सुमारास लांब चालत जाऊन लुसेक्वाने झुडपाच्या फांद्या तोडून आणतात. ज्याच्या फांदीची पाने कोमेजली त्याने ब्रह्मचर्य मोडले असा समज आहे. त्या फांद्यांनी राजाचे एकांतस्थान वेढतात. मुख्य दिवशी राजा गवताच्या पेहरावात, ओळखू न येणाऱ्या रूपात, आत-बाहेर नाचत येतो आणि शेवटी एक हिरवा भोपळा फेकतो, जो योद्ध्याने ढालीवर झेलायचा असतो. दरम्यान, राजाचा लोक द्वेष करतात असे सांगणारी गाणी त्याच्यासमोरच गायली जातात. हिल्डा कूपर यांनी स्वाझी राजा सोबुझा दुसरे यांच्या कारकिर्दीत हे पाहून लिहिले; मॅक्स ग्लकमन यांनी १९५२ च्या व्याख्यानात त्याला बंडाचा विधी म्हटले, म्हणजे राजावरचा राग बोलून दाखवल्याने राजपद बळकटच होते. टी. ओ. बायडलमन यांनी १९६६ मध्ये याला हरकत घेतली: गाण्यांचा रोख बंडावर नसून राजाला सर्वांपासून अलग करून त्याच्यात शक्ती भरण्यावर आहे. मला बायडलमन अधिक पटतात, कारण तरुणांची फांदी, राजाचा एकांत आणि वर्षातून एकदा त्याने अनोळखी होणे यांचा अर्थ त्यांच्या वाचनात लागतो. ग्लकमन यांच्या वाचनात गाण्यांखेरीज बाकीचे तपशील सुटेच राहतात.

मुलींचा विधी वगळू नये

बहुतेक निबंध इथपर्यंत येऊन थांबतात आणि त्यांत फक्त मुलगे असतात. बेम्बांचे उदाहरण घेऊन ही सवय मोडावी. चितिमुकुलू या त्यांच्या राजाचे पवित्र अवशेष, त्याच्या दफनाचे राखीव वन, त्याच्या शरीराचे आणि अग्नीचे सोवळे, सारे काही आहे. मुलग्यांना मात्र दीक्षाविधीच नाही. चिसुंगू हा विधी आहे तो मुलींचा. ऑड्रे रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये तो प्रत्यक्ष पाहिला. नाचिम्बुसा म्हणून ओळखली जाणारी अनुभवी स्त्री तो चालवते, मातीच्या लहानमोठ्या आकृती घडवते, झोपडीच्या भिंती रंगवते आणि प्रत्येक आकृतीसोबत तिचे गाणे असते. घरकाम मुलींना आधीच येत असते; रिचर्ड्स यांच्या मते विधीत नवे कसब शिकवले जात नाही, तर त्या कामांची जबाबदारी आणि पतीपत्नीमधली शुद्धता राखण्याची गुपिते सोपवली जातात. समाज मातृवंशीय आहे, जावई सासरवाडीला येऊन राबतो, आणि राजपदही आईच्या कुळातून जाते. राजाच्या सोवळ्याची आणि नवऱ्याबायकोच्या सोवळ्याची भाषा इथे एकच आहे, कारण दोन्हीकडे अग्नी, पाणी आणि संभोग यांवरचे निर्बंध आहेत. प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण यातून निघू शकते.

लिहिताना

वर्णन भूतकाळात करावे आणि वर्ष द्यावे. ‘नुएर असे करतात’ हे वाक्य १९३० च्या दशकातील निरीक्षणावर उभे असेल तर ते आजच्या नुएरांविषयी खोटे ठरू शकते. ‘टोळी’ आणि ‘आदिम’ हे शब्द टाळून लोकांची स्वतःची नावे वापरावीत. ती देवनागरीत पहिल्या पानापासून एकाच रीतीने लिहावीत. खोसांमध्ये छावणीतले काय घडते ते दीक्षा न झालेल्यांना सांगायचे नसते. छापील पुस्तकात मिळाले म्हणून असे तपशील चवीने लिहू नयेत, युक्तिवादाला लागतील तेवढेच घ्यावेत. नागपुरात भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचे मध्य विभागीय केंद्र आहे, पण त्याचा भर साहजिकच मध्य भारतावर आहे; आफ्रिकेवरचे मूळ ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाले नाहीत तर आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवावी. मूळ ग्रंथ हाती येण्याआधी प्रकरणाची रूपरेषा करण्यास हरकत नाही, पण वहीतला ‘कोणी पाहिले’ हा रकाना दुय्यम पुस्तकांवरून भरू नये.